वणवा, उपग्रह आणि गावची साक्ष
(सामान्य विज्ञान व भूगोल : उच्च प्राथमिक वर्गांसाठी पाठविवेचन)

१. विषयाची आवश्यकता

फाल्गुन लागला की सिद्धेश्वरच्या परिसरातील माळरानांचा रंग पालटू लागतो. पूर्णेच्या जलाशयाभोवतीच्या टेकड्यांवरील गवत वाळते, सागाची व पळसाची पाने गळून झाडांखाली त्यांचा थर साचतो, आणि दुपारचा वारा हे सारे अधिकच सुकवितो. अशा वेळी एखादी न विझविता टाकलेली विडी किंवा बांधावर पेटविलेला कचरा एवढेही निमित्त पुरते. वारा ठिणगी उचलतो आणि पाहता पाहता डोंगराच्या अंगाला वणव्याची रेघ चढू लागते.

या वणव्याने होणारी हानी एका दिवसाची नसते. गुरांचा चारा जळतो, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी नष्ट होतात, नुकतीच उगवलेली रोपे करपतात. उघड्या पडलेल्या उतारावर मृगाचा पहिला पाऊस कोसळला म्हणजे माती धुपून ओढ्यानाल्यांत येते आणि तेथून जलाशयाच्या तळाशी जाऊन बसते. ज्या धरणाच्या पाण्यावर शेते भिजतात त्याची साठवण अशा गाळाने हळूहळू घटते. वणवा डोंगरावर लागला तरी त्याचा परिणाम कालव्यापर्यंत पोहोचतो, तो असा.

हल्ली अशा वणव्यांवर आकाशातून नजर ठेवली जाते, हे विद्यार्थ्यांच्या कानी आलेले असते. परंतु त्याबरोबर ‘उपग्रहाला सर्व काही दिसते’ अशी एक समजूतही पसरलेली आढळते. ही समजूत दोन्ही बाजूंनी घातक आहे. उपग्रहाने कळविले नाही, म्हणजे वणवा नाही, असे मानून गाव स्वस्थ बसते. उलट, नकाशावर तांबडा ठिपका उमटला, म्हणजे अमक्यानेच जंगल पेटविले, असे ठरवून एखाद्या निरपराध शेतकऱ्याकडे बोट दाखविले जाते. उपग्रह काय पाहतो, कसे पाहतो आणि त्याला काय दिसत नाही, हे ज्याला समजले तो या दोन्ही चुकांपासून दूर राहतो. हाच प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

२. पूर्वज्ञान : लोहाराची भट्टी

विषयप्रवेशासाठी लोहाराच्या भट्टीचे उदाहरण घ्यावे. भट्टीत घातलेली पहार प्रथम काळीच दिसते, परंतु तिच्याजवळ हात नेल्यास धग लागते. भाता चालू राहिला म्हणजे ती अंधुक तांबडी होते, मग नारिंगी, आणि पुढे पिवळसर पांढरी. यावरून दोन गोष्टी विद्यार्थ्यांकडून काढून घ्याव्यात. पहिली अशी की, डोळ्यांना दिसण्यापूर्वीही तापलेला पदार्थ किरण बाहेर टाकीत असतो. दुसरी अशी की, उष्णतामान वाढले म्हणजे किरणांचे प्रमाण तर वाढतेच, शिवाय त्यांची जातही बदलते. त्यांची तरंगलांबी कमी कमी होत जाते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या उष्ण किरणांस अवरक्त किरण म्हणतात. त्यांची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोणत्या उष्णतामानाचा पदार्थ कोणत्या तरंगलांबीचे किरण सर्वांत जोराने टाकतो, हे काढण्याचा नियम सोपा आहे. २,८९८ या संख्येस पदार्थाच्या केल्विनमधील उष्णतामानाने भागावे. उत्तर मायक्रॉनमध्ये मिळते. साधी जमीन २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन धरली, तर उत्तर सुमारे १० मायक्रॉन येते. गवताची ज्वाला सुमारे ७२७ अंश सेल्सियस, म्हणजे १,००० केल्विन धरली, तर उत्तर सुमारे ३ मायक्रॉन येते. जमीन आणि ज्वाला जणू दोन वेगळ्या सुरांत बोलतात. उपग्रहावरील उपकरण हा सुरांतील फरक ओळखते.

३. उष्णतेवरून वणवा कसा ओळखला जातो

वणव्याचा शोध घेणारी उपकरणे मुख्यतः ४ मायक्रॉनच्या आसपासचे आणि ११ मायक्रॉनच्या आसपासचे किरण मोजतात. अमेरिकेच्या टेरा (१९९९) व ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील ‘मोडिस’ नावाच्या उपकरणाने या कामाचा पाया घातला. त्याची आगीची नोंद एक किलोमीटर बाजूच्या चौकटीत होत असे. पुढे २०११, २०१७ व २०२२ या वर्षी सोडलेल्या उपग्रहांवर ‘व्हिअर्स’ हे उपकरण बसविण्यात आले. त्याची बारीक चौकट ३७५ मीटर बाजूची आहे.

३७५ मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. ते १,४०,६२५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४ हेक्टर किंवा ३५ एकर भरते. या सबंध ३५ एकरांबद्दल उपग्रहास एकच आकडा मिळतो. मग त्यातील लहानशी आग त्याला कळते कशी?

याचे उत्तर गणिताने मिळते. ४ मायक्रॉनच्या तरंगलांबीवर १,००० केल्विनची ज्वाला ही तेवढ्याच क्षेत्राच्या ३०० केल्विनच्या जमिनीपेक्षा सुमारे साडेचार हजार पट किरण टाकते. समजा, चौकटीचा केवळ हजारावा भाग, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर किंवा जवळजवळ दीड गुंठा, पेटलेला आहे. तरीही त्या दीड गुंठ्यातून येणारे किरण उरलेल्या सर्व ३५ एकरांच्या सुमारे साडेचार पट होतात. चौकटीचा आकडा एकदम पाचपटीहून अधिक वाढतो. ११ मायक्रॉनवर मात्र ज्वाला जमिनीच्या केवळ २८-२९ पट किरण टाकते. त्यामुळे तेवढ्याच आगीने तेथील आकडा शेकडा तीननेच वाढतो.

आता मराठवाड्यातील उन्हाळ्याचे दुसरे उदाहरण घ्यावे. वैशाखातील दुपारी काळ्या पाषाणाचा उघडा माळ ६० अंशांपर्यंत तापला, असे समजू. सबंध चौकट तशी तापली असेल तर ४ मायक्रॉनवरचा आकडा सव्वातीन पटीच्या आसपास जातो. केवळ हाच आकडा पाहिला तर तापलेला खडक आणि लहान आग यांत घोटाळा होईल. परंतु खडक तापला असता ११ मायक्रॉनवरचा आकडाही दीडपट होतो. आगीत तो जवळजवळ जागच्या जागी राहतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि भोवतालच्या चौकटींशी ताडून पाहिले, म्हणजे खडक व आग वेगळी करता येतात. एकाच साक्षीवर निर्णय देऊ नये, हा न्यायाचा नियम येथे विज्ञानानेही पाळला आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

४. ठिपका काय सांगत नाही

नकाशावरील तांबडा ठिपका हा चौकटीचा मध्य दाखवितो, आगीची नेमकी जागा दाखवीत नाही. आग ठिपक्यापासून दीडदोनशे मीटर अंतरावरही असू शकते. जंगलाच्या हद्दीलगत शेत असेल तर ठिपका जंगलात आणि आग शेतात, किंवा ठिपका शेतात आणि आग जंगलात, असे होणे सहज शक्य आहे. उसाचे पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांधावरील गवत जाळले तरी ठिपका तसाच उमटतो. आग कोणी लावली, का लावली, ती चुकून लागली की जाणून, यांपैकी एकही गोष्ट ठिपक्यात लिहिलेली नसते.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. व्हिअर्सचे उपग्रह एखाद्या ठिकाणावरून साधारणतः दुपारी दीडच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. सायंकाळी चार वाजता लागून रात्री नऊपर्यंत विझलेला वणवा त्यांच्या नोंदीत येतच नाही. भारताचे इन्सॅट मालिकेतील हवामान-उपग्रह विषुववृत्तावर स्थिर राहून थोड्या थोड्या वेळाने चित्रे घेतात खरे, परंतु त्यांची उष्णतेची चौकट सुमारे ४ किलोमीटर बाजूची, म्हणजे १,६०० हेक्टरांची असते. तेवढ्या चौकटीत दीड गुंठ्याची आग हरवून जाते. जो वारंवार पाहतो त्याला बारीक दिसत नाही. ज्याला बारीक दिसते तो वारंवार येत नाही.

तिसरी मर्यादा आडोशाची आहे. दाट ढग अवरक्त किरणांना अडवितात. दाट झाडोऱ्याखाली जमिनीलगत धुमसणारी आग पानांच्या छताखाली झाकली जाऊ शकते. उलटपक्षी, जलाशयाच्या पाण्यावरून किंवा पत्र्यांवरून परावर्तित झालेले ऊन कधी कधी आगीचा आभास निर्माण करते. हे आभास वगळण्याची तजवीज गणनपद्धतीत केलेली असते. तथापि ती तजवीज सर्वस्वी अचूक असते असे नाही.

५. रडारचे काय काम

अवरक्त उपकरण हे धग जाणणाऱ्या हातासारखे आहे. समोरून किरण आले तरच त्याला काही कळते. रडारची गोष्ट वेगळी आहे. अंधारात विजेरी घेऊन निघालेल्या माणसाप्रमाणे रडार स्वतःच रेडिओ तरंग पाठविते आणि परत येणारा प्रतिसाद टिपते. त्यामुळे त्याला रात्र व दिवस सारखेच. त्याचे तरंग काही सेंटिमीटर लांबीचे असल्याने धुरातून व ढगांतूनही ते पार जातात.

रडारचे चित्र कसे वाचावे, हे सिद्धेश्वरच्याच उदाहरणाने उत्तम समजते. जलाशयाचे शांत पाणी आरशासारखे सपाट असते. तिरके आलेले तरंग त्यावरून पुढे निघून जातात, मागे फिरत नाहीत. म्हणून चित्रात जलाशय काळा दिसतो. गावातील भिंती व जमीन यांच्या काटकोनात सापडलेले तरंग उलट दिशेने परत येतात. म्हणून गाव पांढरे चमकते. झाडीत शिरलेले तरंग पाने, डहाळ्या व फांद्यांवर आपटून चहूकडे विखुरतात आणि त्यांतील काही परत येतात. म्हणून जंगल मधल्या करड्या छटेचे दिसते.

वणव्यात पाने व डहाळ्या जळाल्या म्हणजे हे विखुरणे कमी होते. वणव्यापूर्वीचे व नंतरचे चित्र एकमेकांशेजारी ठेवून ज्या जागेची छटा बदलली ती जागा शोधतात. येथे एक गोष्ट आवर्जून स्पष्ट करावी. रडारला आगीची धग मुळीच कळत नाही. ‘आता कोठे जळत आहे’ याचे उत्तर अवरक्त उपकरण देते. ‘किती क्षेत्राची झाडी गेली’ याचे उत्तर शोधण्यास रडार साहाय्य करते.

युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेचा पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये सोडण्यात आला. भारताने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हा रडार-उपग्रह सोडला. या दोहोंचे तरंग सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीचे आहेत. ते पानांवर व बारीक डहाळ्यांवरच बहुतांशी विखुरतात. भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावर दोन रडारे आहेत. एकाचे तरंग ९ ते १० सेंटिमीटरांचे असून दुसऱ्याचे सुमारे २४ सेंटिमीटरांचे आहेत. लांब तरंग पानांच्या थरातून खाली उतरून जाड फांद्या व खोडांपर्यंत पोहोचतात. निसारची दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर येण्याची योजना आहे.

रडारलाही मर्यादा आहेत. पाऊस पडून जमीन ओली झाली की छटा बदलते, आणि हा बदल वणव्याचा की ओलाव्याचा, हे ठरविणे अवघड होते. शिवाय आपल्याकडील सागाची झाडे उन्हाळ्यात मुळातच निष्पर्ण झालेली असतात. वणवा खालचा पाचोळा जाळून निघून जातो आणि खोडे उभीच राहतात. अशा ठिकाणी रडारच्या दोन चित्रांत फारसा फरक पडत नाही. रोपे मात्र जळालेली असतात. ती मोजण्यास माणसालाच पायी जावे लागते.

६. सूचना गावापर्यंत कशी येते

उपग्रहांनी पाठविलेली माहिती हैदराबादजवळील शादनगर येथे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून ग्रहण केली जाते. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था ते ठिपके वनांच्या सीमांशी ताडून पाहते आणि वनाधिकाऱ्यांच्या मोबाईलवर संदेश पाठविते. हे काम मोडिसच्या आधारे २००४ साली सुरू झाले, २०१७ पासून त्यास व्हिअर्सची जोड मिळाली आणि २०१९ साली ही व्यवस्था अधिक विस्तृत करण्यात आली. नोंदणी केल्यास सामान्य नागरिकासही हे संदेश मिळू शकतात. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील शेकडा ३६ हून अधिक वनाच्छादन वारंवार वणवे लागण्याच्या छायेत आहे.

या व्यवस्थेत एक गोष्ट गावाने समजून घेण्यासारखी आहे. ठिपके वनसीमेशी ताडून पाहिले जात असल्यामुळे वनहद्दीबाहेरील आगीची सूचना त्यातून गळण्याचा संभव असतो. सिद्धेश्वरसारख्या भागात गुरांचा चारा ज्या गायरानांवर व खाजगी माळांवर उभा असतो, ते अनेकदा वनहद्दीबाहेर असतात. त्या गवताचा पहारा गावालाच करावा लागतो.

७. गोव्यातील वणवे : एक उदाहरण

आकाशातील साधने आणि जमिनीवरील श्रम यांचा मेळ कसा घालावा लागतो, हे शेजारच्या गोव्यातील अनुभवावरून दिसून येते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व आसपासच्या सह्याद्रीच्या वनांत अनेक ठिकाणी वणवे लागले. नौदल व वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी जलाशयांतून पाणी उचलून जळत्या उतारांवर टाकले. तथापि दाट झाडीखालील पाचोळ्यात पसरणारी आग केवळ वरून पाणी टाकल्याने संपत नाही. वनकर्मचारी व स्थानिक लोकांना डोंगर चढून, हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपून आणि पाचोळा बाजूस सारून ती अडवावी लागली. यंत्राने जागा दाखविली, पाणी आणले. परंतु शेवटची ठिणगी विझविण्यास माणूसच लागला.

आपल्या राज्यात गडचिरोलीसारख्या वनप्रधान जिल्ह्यांत वणव्यांचे प्रमाण मोठे असते. तेथे मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावण्याची चाल हे त्याचे एक कारण होय. ज्यांची उपजीविका त्या फुलापानांवर चालते त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून घेण्याची, झाडाखाली कापड किंवा जाळी अंथरण्याची सोय करून दिली म्हणजे आगीची गरजच उरत नाही.

८. वर्गात करावयाचे प्रात्यक्षिक

पहिले प्रात्यक्षिक : दोन सारखी झाकलेली भांडी घ्यावीत, एकात कोमट व एकात साधे पाणी असावे. स्पर्श न करता, डोळे मिटून, तळहात जवळ नेऊन कोणते भांडे गरम ते ओळखण्यास सांगावे. उष्णतेवरून पाहणे म्हणजे काय, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे प्रात्यक्षिक : रबरी चेंडू गुळगुळीत फरशीवर तिरका फेकावा, नंतर दगडांच्या ढिगावर आणि शेवटी भिंत व फरशी यांच्या कोपऱ्यात फेकावा. चेंडू केव्हा पुढे जातो, केव्हा कोठेही उडतो आणि केव्हा परत येतो, हे लिहून घ्यावे. पाणी, जंगल व गाव यांची रडारमधील छटा विद्यार्थी आपणहून सांगतील.

तिसरे प्रात्यक्षिक : मैदानावर दोरीने मोठा चौरस आखून त्यास ३५ एकरांची चौकट मानावे. त्यात शेत, वनहद्द, गायरान व ओढा खुणांनी दाखवावेत. मध्यभागी तांबडी चिठ्ठी ठेवून विचारावे, “आग कोठे आहे?” बहुतेक मुले चिठ्ठीकडे बोट दाखवितील. मग आग चौरसात कोठेही असू शकते हे समजावून, खात्री करण्यासाठी काय काय पाहावे लागेल याची यादी त्यांच्याकडून करून घ्यावी.

या पाठात कोणत्याही कारणाने आग पेटवून दाखवू नये.

९. शाळेचे व गावाचे कर्तव्य

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे हा अपराध आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ७९ अन्वये वनालगतच्या गावातील जी व्यक्ती सरकारी सेवेत आहे, किंवा लोकसेवेबद्दल सरकारकडून वेतन घेते, तिने वनातील अपराधाची माहिती जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्यास विनाविलंब द्यावी आणि वणवा विझविण्यास साहाय्य करावे, असे बंधन घातले आहे. शिक्षकांनी हे कलम स्वतःला उद्देशून आहे असे समजूनच वाचावे.

विद्यार्थ्यांना मात्र वणवा विझविण्यास कधीही पाठवू नये. वाऱ्याची दिशा पालटली म्हणजे प्रौढ माणसेही आगीत सापडतात. मुलांनी धूर दिसताच मोठ्या माणसांस सांगावे, एवढेच त्यांचे काम. पुढील कळविण्याचे काम शिक्षकांनी करावे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आणि स्थानिक वनरक्षकाचा क्रमांक शाळेच्या फलकावर ठळक लिहून ठेवावा. कळविताना धूर दिसल्याची वेळ, ठिकाण व जवळची ठळक खूण, वाऱ्याची दिशा, आणि जळते ते गवत, शेतातील काडीकचरा की झाडी, या चार गोष्टी सांगाव्यात. शाळेत उन्हाळ्याच्या महिन्यांसाठी एक नोंदवही ठेवून त्यात त्या लिहून ठेवल्यास अधिक चांगले. तीत कोणाचेही नाव आरोप म्हणून लिहू नये. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. सायंकाळी चारला लागून नऊला विझलेल्या ज्या वणव्याची खबर कोणत्याही उपग्रहाने दिली नाही, त्याची नोंद या वहीतच सापडेल. तशीच, शेतात जाळलेल्या पाचटावरून उमटलेला ठिपका जंगलाचा नव्हता, ही साक्षही हीच वही देईल.

स्वाध्याय

(१) ३७५ मीटर व १ किलोमीटर बाजूच्या चौकटींचे क्षेत्रफळ एकरांत काढा.
(२) पदार्थाचे उष्णतामान ८०० केल्विन असेल तर तो कोणत्या तरंगलांबीचे किरण सर्वांत जोराने टाकील?
(३) वणव्याच्या दुसऱ्या दिवशी रडारचे चित्र पाहिले. त्यात काही फरक दिसला नाही. याची दोन कारणे सांगा.
(४) आपल्या गावाचा कच्चा नकाशा काढून त्यात वनहद्द, गायरान, पाण्याच्या जागा आणि वाळलेले गवत कोठे असते ते दाखवा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्वी वणवा कोठे लागला होता आणि तो कसा विझविला, ते त्या नकाशाखाली लिहा.